हौदाचा तळ दिसेपर्यंत

आमच्या घरामागे पोहायचा पूल आहे. मी त्याला हौद म्हणते. ह्यांना ते आवडत नाही, म्हणून तर म्हणते. घर घेतलं तेव्हा तो घराबरोबरच आला. नवऱ्याबरोबर सासरचा सगळा गोतावळा येतो, नको म्हणायची सोय नसते, तसंच. त्यात पोहतं कोण? मी कधीमधी, उकाडा फार झाला तर. हे तर कधीच नाही. ह्यांना फक्त त्याचं पाणी तपासायला आवडतं.

हे नोकरीत होते तेव्हा दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे आणि शिक्के मारायचे. निवृत्त झाल्यावर घरात कशावर शिक्का मारावा ते कळेना, तेवढ्यात हा हौद सापडला. काचेची नळी आली, थेंबांच्या बाटल्या आल्या, माझा स्वयंपाकघरातला काटा गॅरेजमध्ये गेला तो गेलाच.

तपासायला निमित्तही भरपूर. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, जड. किटलीच्या बुडाला पांढरा थर, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी. तेच पाणी हौदात. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो, वरून पुन्हा नवं पाणी भरायचं म्हणजे पुन्हा नवा क्षार. पाण्याच्या रेषेला चारही बाजूंनी पांढरं किटण चढतं, दातांवर चढतं ना तसं. नळीत हौदाचं पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाणी आंबट, सोडा टाका. गडद लाल झालं तर उलट बाजूला गेलं, ॲसिड टाका. नाही टाकलं तर क्षार पाण्यात विरघळून राहत नाही, बाहेर पडतो, आधी पाणी दुधासारखं होतं आणि मग तो भिंतीवर बसतो. मधला नारिंगी रंग आला की गप्प बसायचं. सगळं शास्त्र एवढंच आहे. अवघड आहे ते गप्प बसणं.

मला तर ते जन्मात जमलेलं नाही. मी घरी कपडे शिवते, पण मशीनवर एका जागी बसून एक बाही पूर्ण केली असं होत नाही. मधेच उठून गॅस बघ, दार बघ, वाळत घातलेलं उलट कर. पायाला भिंगरी आहे माझ्या. ताई मला लहानपणापासून भिंगरीच म्हणते, माझं खरं नाव तिच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं आठवत नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. उभं आयुष्य एका शाळेत मुलींना पोहायला शिकवलं तिने, निवृत्तीनंतरही जायची. मलाही तिनेच शिकवलं. पोटाखाली हात धरायची, "मार हात, मार पाय, मी धरलंय," म्हणायची, आणि हळूच हात काढून घ्यायची. मी पलीकडच्या काठाला लागल्यावर कळायचं की मघापासून कुणी धरलेलंच नव्हतं. लबाड आहे ती पहिल्यापासून.

या वर्षी तिला झटका आला. डावी बाजू गेली. शाळेच्या तलावाच्या काठावर बसले होते, चक्कर आली आणि पडले, असं तिने सगळ्यांना सांगितलं. दवाखान्यातून सुटली तेव्हा हात बराचसा परत आला होता, बोलणं तर एका दिवसासाठीही गेलं नव्हतं, पण डावा पाय उसना आणल्यासारखा ओढत चालायची. आणि तिचं घर आहे वरच्या मजल्यावर. अरुंद जिना, एकच कठडा. भावजी गेल्यापासून ती तिथे एकटी राहते आणि एकटी राहायला तिला आवडतं.

तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, फोन आला. तो दूरच्या शहरात असतो. वाईट नाही पोरगा, पण थकलेला.

"मावशी, आई जिना एकटी चढू-उतरू शकली तर तिच्या घरी राहील, मी अडवणार नाही. नाहीतर मी इकडे एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार आहेत ते, तेव्हा मी येईन बघायला. घर मग काढून टाकू."

"काढून टाकू काय? घर आहे, दात नाही," मी म्हटलं.

"मावशी, ती जिन्यावर पडली आणि मी तिथे नसलो तर?"

मी फोन ठेवला आणि उगाच ओटा पुसला, पुसलेलाच होता.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई, त्यांना आम्ही फिजिओ म्हणतो, त्यांनी सुचवलं की पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचं वजन निम्म्याहून कमी होतं, पडायची भीती नाही, पायाचा विश्वास परत येतो. आणि आमच्या हौदाला एका कोपऱ्यात रुंद पायऱ्या आहेत, बाजूला स्टीलचा कठडा. त्याच पायऱ्या उतरायच्या, त्याच चढायच्या, म्हणजे जिन्याची तालीमच. सगळे म्हणाले, वा, ताई तर मासळी, पाण्यात सोडली की झालं. मी ताईला घेऊन आले. तिच्या गाऊनच्या खिशात तिच्या घराची चावी होती. झोपतानाही ती चावी उशीखाली जायची.

ती आली आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा नवराबायकोत जुंपली.

ताई पाण्यात उतरणार म्हणून मी पाण्याच्या रेषेवरचं किटण खरवडत होते आणि जरा जास्तच ॲसिड ओतलं. जरासंच. हे नळी घेऊन आले, पाणी पिवळंधमक. "अगं, भाजीत मीठ टाकल्यासारखं काय टाकतेस? मोजायचं असतं." मी म्हटलं, "तुम्ही मोजत बसा, तोवर ताई शंभरीची होईल." हे म्हणाले, "तुझ्या हाताला थांबणं म्हणून माहीत नाही." ताईच्या देखत म्हणाले. मग मीही तोंडाला येईल ते बोलले. "यापुढे तुमच्या हौदाला हात लावला तर नाव बदलेन." हे म्हणाले, "मग मीही लावत नाही. बघू काय होतं ते." आणि आमचा अबोला सुरू झाला.

अबोला आम्हाला नवा नाही. पण घरात तिसरं माणूस असलं की तो फार सोयीचा पडतो.

"ताई, त्यांना सांग, जेवायला वाढलंय," मी म्हणायचे. हे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले.

"ताई, तिला सांगा, ऐकू आलं."

"ऐकू आलं म्हणतायत," ताई मला सांगायची, अगदी गंभीर चेहऱ्याने. डाळीत मीठ कमी आहे, विजेचा माणूस येणार आहे, पंखा बंद करा, सगळं ताईमार्फत. बसायची ती मागच्या खोलीच्या खिडकीत. तिथून सबंध हौद दिसतो.

आणि हौद बिघडला. एका दिवसात पाणी पांढरट झालं, मग सरळ दुधाळ. फिजिओ आल्या, काठावर वाकून बघितलं. हौदाच्या तळाला पाणी जायची एक गोल जाळी आहे. "ती जाळी दिसल्याशिवाय यांना खोल पाण्यात उतरवायचं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या पडल्या तर आपल्याला दिसायलासुद्धा नको का?" बरोबरच होतं त्यांचं. ताई खिडकीतून म्हणाली, "असू दे हो, निवळेल सावकाश." तिचा आवाज इतका शांत होता की मलाच घाम फुटला. महिना अर्ध्यावर आला होता.

आता मी शपथ घेतली होती हे खरं. पण शपथ एकीकडे आणि बहीण एकीकडे. हे रोज सकाळी लांब फिरायला जातात. त्यांची पाठ वळली की मी नळी काढायचे. पाणी गडद लाल. म्हटलं, बघा, लक्ष काढून घेतलं तर कसं वर चढलंय. पंपामागे ॲसिडचा कॅन लपवला होता, त्यातलं बादलीभर पाण्यात मिसळून सगळीकडून ओतायचे. मोजून हं. ह्यांच्यापेक्षा मोजून. दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा लाल, पुन्हा दूध, आणि पायऱ्यांवरसुद्धा खरखरीत पांढरा थर चढायला लागलेला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मला संशय आला नाही असं नाही. मी ताईला विचारलं होतं, "संध्याकाळी मी कपडे द्यायला बाहेर जाते, तेव्हा हे हौदापाशी जातात का गं? काही टाकतात का पाण्यात?"

"छे गं," ताई म्हणाली. "पेपर वाचतात."

ताई म्हणाली म्हणजे झालं. मी आणखी ॲसिड आणलं.

त्या दिवसांत मशीनवर बसले की सुई दिसायची नाही, तळाची जाळी दिसायची, म्हणजे न दिसणारी. एका बाईच्या झग्याला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. फिल्टर धुतला, पुन्हा धुतला. पाणी बघायला इतक्या वेळा मागे गेले की गवतात वाट पडली. ताईला म्हणायचे, "चल, निदान अंगणात चालू." ती चालायची, चार पावलं, मग "दमले गं." खिशातल्या चावीवरून अंगठा फिरवत बसायची. मी मनात म्हणायचे, हिला घरी जायचंय आणि माझा हौद हिला जाऊ देत नाही. रात्री उशीवर डोकं ठेवलं की तेच. शेजारी हे पाठ करून झोपलेले. त्यांनाही झोप नव्हती हे मला कळत होतं, पण विचारायचं कसं? ताईला काय त्या वेळी उठवायचं?

भाचा येणार होता त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी झगा द्यायला गेले, त्या बाईच्या दाराला कुलूप. अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि मागच्या दाराने आत शिरले. बघते तर हे हौदाच्या काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बादली, बाजूला माझा स्वयंपाकघरातला काटा. बादलीतलं पांढरं पाणी इतक्या प्रेमाने ओतत होते की देवाला अभिषेक घातला नसेल कधी. आणि जिथे ओतत होते तिथे हौदाचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत ढगाळत होतं.

"अहो, काय करताय?"

अबोला मोडल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"सोडा टाकतोय," हे म्हणाले. चोरी पकडल्यासारखा चेहरा. "रोज संध्याकाळी पिवळं येतं गं. काही केल्या वर चढत नाही. मोजून टाकतोय, तरी."

"पिवळं येणारच. रोज सकाळी मी ॲसिड टाकते."

"तू टाकतेस?"

"मग काय, तुमच्या भरवशावर सोडू?"

हे मटकन काठावर बसले. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. हौदाला मी सकाळी आंबट करत होते, हे संध्याकाळी खारट करत होते, आणि बिचारं जड पाणी दोघांच्या मधे सापडून क्षार ओकत होतं. कितीतरी दिवस. ताकाला जाऊन भांडं लपवणारी दोन म्हातारी माणसं.

"पण मी ताईंना विचारलं होतं," हे हळूच म्हणाले. "हिने सकाळी काही टाकलं का म्हणून. त्या म्हणाल्या, छे, ती मशीनवर असते."

मी खिडकीकडे बघितलं. खुर्ची होती. ताई नव्हती.

ती आतल्या पलंगावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"तू दोघांनाही नाही म्हणालीस," मी म्हटलं.

"हो."

"रोज बघत होतीस."

"रोज."

माझं डोकं सटकलं. "अगं, तो येतोय. तुला त्या खोलीत नेऊन ठेवेल, तुझ्या घराला दुसऱ्याचं कुलूप लागेल. आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि तू खिडकीत बसून आमची गंमत बघतेस? मी काय केलं होतं तुझं?"

"गंमत नव्हती गं."

"मग काय होतं?"

मी उभी होते, या पायावरून त्या पायावर.

"त्या दिवशी मी काठावर नव्हते," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं, काठावर होते. मी पाण्यात होते. मुलींना हात कसा मारायचा ते दाखवत होते आणि डावी बाजू गेली. गेली म्हणजे नव्हतीच. मी सरळ खाली गेले. भिंगरे, पाणी इतकं स्वच्छ होतं. तळाची फरशी न् फरशी दिसत होती मला. एका फरशीचा कोपरा उडालेला होता, तोही दिसला. वर मुली हसत होत्या. त्यांना वाटलं, बाई काहीतरी नवीन शिकवतायत."

मी उभीच राहिले.

"एकीने बुडी मारली. जिला मी रोज ढ म्हणायचे तिनेच. तिने केसांना धरून वर काढलं."

"आणि हे तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? पोहायला शिकवणारी बाई बुडाली म्हणून? मग म्हणाले, पाण्यात चाला. सगळे म्हणाले, मासळी आहे ती. मलाही वाटलं, उतरेन. पहिल्या दिवशी खिडकीतून खाली बघितलं, ती जाळी दिसली लख्ख, आणि मी पडदा ओढून घेतला. मग तुमचं भांडण झालं आणि पाणी पांढरं झालं. खरं सांगू, बरं वाटलं. तळ दिसत नाही तोवर उतरायला नको. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं. मग रोजचंच झालं."

"आणि घर? घर नको तुला?"

तिने खिशातून चावी काढली आणि मुठीत धरली. "हवंय. म्हणून तर झोप नाही मला." आणि माझी ताई, जिला मी भावजींच्या वेळेलाही मोठ्याने रडताना पाहिलं नव्हतं, ती रडली. "मला भीती वाटते गं. पाण्याची. मला."

मला तिचा भयंकर राग आलेला होता आणि तिची भयंकर दया येत होती, आणि दोन्हींचं मिळून काय करायचं ते मला कळेना. म्हणून मी तिच्या शेजारी बसले. बसूनच राहिले. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, तरी उठले नाही. ह्यांनी जाऊन गॅस बंद केला.

त्या संध्याकाळी हौदाला एकदाच, दोघांनी मिळून, मोजून काय ते टाकलं. मग ह्यांनी कॅन आणि सोड्याचा डबा दोन्ही गॅरेजच्या माळ्यावर ठेवले आणि शिडी शेजाऱ्याला देऊन टाकली. "आता पाण्याला कुणी हात लावायचा नाही," म्हणाले. "फिल्टर काय करायचं ते करेल." माझे हात शिवशिवत होते. पण शिडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी फिजिओंना मी सगळं सांगितलं. त्या ताईवर रागावल्या नाहीत. वरच्या पायरीवर घोट्याएवढंच पाणी असतं, तिथला तळ दुधातूनही दिसत होता. "तिथे बसा," त्या म्हणाल्या. "नुसतं बसा. बहिणीला शेजारी घ्या."

बसलो. ताईने कठडा असा धरला होता की तिची नखं पांढरी झाली होती. पाय पाण्यात, नजर समोरच्या भिंतीवर. मी बडबड करत होते, गप्प राहिले असते तर मीच रडले असते. दगड घेऊन पायरीवरचं किटण घासायला लागले, हाताला काहीतरी हवंच होतं.

"ते घासू नकोस," ताई म्हणाली.

"का? घाण दिसतंय."

"मला डाव्या पायाला गुळगुळीत काही लागतच नाही. हे खरखरीत लागतंय." तिने पाय थोडा सरकवला. "हे बघ. इथे पायरी आहे हे कळतंय मला."

मी दगड ठेवून दिला. ज्या किटणाने आम्हा दोघांचा जीव घेतला होता, तेच तिच्या पायाला पहिल्यांदा जमीन वाटत होतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग माझा सोडा अगदीच वाया नाही गेला." मी बोलले नाही काही. म्हणजे अबोला नव्हे, हसत होते.

पाणी एकदम निवळलं नाही, हे फार बरं झालं. आज दुसरी पायरी दिसायला लागली, तर ताई दुसरीवर उभी राहिली. तिसरी दिसली, तर थांबली, परत आली, दुसऱ्या दिवशी गेली. गुडघे, मांड्या, कंबर. पाणी निवळेल तेवढीच ती उतरायची, पुढचं पांढरंच असायचं. एके सकाळी मी पडदा सारला आणि तळाची जाळी दिसली, तिची भोकं मोजावी अशी. मी ताईला हाक मारली नाही. तीच आली, खिडकीत उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाक. चहा घेऊन उतरू." त्या दिवशी ती शेवटची पायरी उतरून तळावर उभी राहिली, छातीएवढ्या पाण्यात, माझा दंड धरून. डोळे मिटले नाहीत तिने. खाली बघत होती.

भाचा आला तो दुपारी, बॅग न ठेवताच मागे आला. त्याला सगळं फोनवर सांगितलेलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर तिकडच्या खोलीचा विचार दिसत होता. ताई काठावर तयार होती. तिने खिशातली चावी काढून त्याच्या हातात दिली. "धर जरा. भिजेल." त्याने चावीकडे बघितलं आणि मुठीत ठेवली. त्याच्या हातात ती चावी पाहून माझ्या काळजाचं पाणी झालं, कारण आता ती त्याच्याकडे राहू शकत होती.

ताई उतरली. एकटी, कठड्याला एक हात. उतरणं सोपंच असतं, पाणी धरतं माणसाला. तळावर उभी राहिली, वळली. आता वर यायचं होतं. दर पायरीला पाणी कमी आणि वजन जास्त, हे मला माहीत होतं, फिजिओंनी सांगितलं होतं, खरी परीक्षा वर येताना. पहिल्या दोन पायऱ्या आली. तिसऱ्या पायरीवर डावा पाय उचलला तो पुरता उचललाच गेला नाही, बोटं कडेला आपटली आणि ती पुढे झुकली.

मी धावणार होते. मी धावलेच असते, पण ह्यांनी मागून माझं मनगट धरलं. घट्ट. भाचाही पुढे झाला होता.

"कुणी यायचं नाही," ताई म्हणाली. शाळेतला आवाज. भाचा जागेवर थिजला.

तिने पाय खाली ठेवला. त्या खरखरीत थरावरून तळवा इकडेतिकडे फिरवला, अंधारात चप्पल शोधतात तसा. पायरी सापडली असावी. मग पुन्हा उचलला. गुडघा लटलटत होता तिचा, आम्हाला सगळ्यांना दिसत होता. तिसरी चढली. मग उभी राहून दम खाल्ला, कुणाकडे बघितलं नाही. मग चौथी. वरच्या पायरीवर आली तेव्हा सगळं अंग गळत होतं, ओठ पांढरे पडले होते.

भाच्याने टॉवेल पुढे केला. तिने टॉवेल घेतला नाही, रिकामा हात पुढे केला.

"चावी," ती म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. तो काही दुष्ट नाही, मी आधीच सांगितलं. त्याचे डोळे भरून आले होते. "पडशील एखाद्या दिवशी, आई."

"पडेन," ताई म्हणाली. "पडले तर माझ्या जिन्यावर पडेन."

त्याने तिच्या तळहातावर चावी ठेवली, आणि मग टॉवेल तिच्या खांद्यांवर नीट पांघरला. ह्यांनी माझं मनगट अजून सोडलेलं नव्हतं. मीही सोडवून घेतलं नाही.